आधी आवाज, मग गाणी: बारचा माहोल संगीताने कसा घडवावा

बार नवा असो की जुना, संगीताचा विषय निघाला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "गाणी कुठली लावू?" खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा. त्याआधी हे ठरवायला हवं, की आत आलेल्या माणसांनी एकमेकांशी काय करावं. दोघांनी कोपऱ्यात निवांत बोलत बसावं? सहा जणांच्या टोळक्याने हसून-खिदळून टेबल डोक्यावर घ्यावं? एकट्या आलेल्याने काउंटरवर शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा सुरू कराव्यात? की सगळ्यांनी उठून नाचावं?

संगीत बारमध्ये सगळ्यात आधी माणसांमधलं अंतर ठरवतं. आवाज बेताचा असेल तर माणूस खुर्चीला टेकून बोलतो, पलीकडच्या टेबलावरच्यालाही गप्पांत ओढतो. आवाज चढला की तो पुढे झुकतो, शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेतो. टेबलावर सहा जण असतील तर बघता बघता त्यांच्या तीन जोड्या होतात. आणखी चढला की बोलणंच संपतं. मग एक तर नाचायचं, नाही तर फोनमध्ये डोकं घालायचं. यातलं काहीच मुळात वाईट नाही. पंचाईत अशी, की यातलं नेमकं काय हवंय हे बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात कागद-पेनाने करा. उघडण्यापासून बंद होईपर्यंतचे तास एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एकच क्रिया लिहा: बसणं, बोलणं, मिसळणं, गाणं, नाचणं, निघणं. "एनर्जी", "व्हाइब" असले शब्द लिहायचे नाहीत. त्यावरून बारटेंडरला आवाजाचं बटण कुठे न्यायचं ते कळत नाही. एका तासापुढे बोलणं आणि नाचणं दोन्ही येत असेल, तर त्या दोघांना जागाही वेगळी द्यावी लागेल.

पायरी १: खोली ऐका

बार बंद असताना मधोमध उभे राहा आणि जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागे खणखणाट रेंगाळत असेल, तर काच, टाइल्स, उघड्या भिंती आवाज परत फेकताहेत. अशा खोलीत गाणी कितीही निवडून लावा, गर्दी झाली की नुसता कल्लोळ होणार. जाड पडदे, गादीच्या बैठका, छताला आवाज शोषणारे पॅनेल यांवरचा खर्च महागड्या स्पीकरपेक्षा आधी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसंही आवाज शोषतात, विशेषतः वरच्या पट्टीतला. त्यामुळे रिकाम्या खोलीत टोचणारं गाणं भरल्या खोलीत बोथट वाटतं, आणि दुपारी केलेली जुळवाजुळव रात्री पुन्हा तपासावीच लागते.

मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे इतका उतरत नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचवायच्या नादात पहिलं टेबल भाजून निघतं ते यामुळेच. बोलण्याच्या भागात छोटे स्पीकर जास्त संख्येने, विखरून आणि प्रत्येक हळू आवाजात ठेवा. नाचण्याच्या भागात उलट करायचं: मोठे स्पीकर चारी बाजूंनी फ्लोअरकडे तोंड करून, सबवूफर (खोल बास वाजवणारा स्पीकर) तिथेच, आणि फ्लोअरवरून पाच-सात पावलं बाहेर आलं की कानाला फरक जाणवला पाहिजे.

आता प्रत्येक टेबलाची परीक्षा. एका सहकाऱ्याला समोर बसवा, नेहमीच्या आवाजात गाणं लावा, आणि न ओरडता त्याला दहा आकडी नंबर सांगा. त्याने तो लिहून घ्यायचा. आकडे चुकले ते टेबल नकाशावर लाल करायचं. आवाज मोजणारा मीटर काय दाखवतो ते नंतर बघू. ज्या खुर्चीत नंबर ऐकू येत नाही, त्या खुर्चीत ओळखही होत नाही. आणि या लाल टेबलांवर बसलेली मंडळी लवकर का उठतात, याचं कोडंही बरेचदा इथेच सुटतं.

पायरी २: आवाज किती

बारचा माहोल बिघडतो तो सगळ्यात जास्त इथेच, त्यामुळे या पायरीवर वेळ घालवा.

एका मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये याची नोंद केली, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. बारमध्ये तो असा चालतो: संगीत थोडं वाढलं, टेबलं थोडी जोरात बोलू लागली. आता गाणं ऐकू येईना म्हणून कुणीतरी बटण फिरवलं. टेबलं आणखी जोरात. नऊला सुरू झालेली ही चढाओढ साडेदहापर्यंत सगळ्यांचे घसे बसवते आणि कुणालाच कळत नाही की आवाज कुणी वाढवला. यावर उपाय एकच: गर्दी वाढताना बटणाला लगेच हात लावायचा नाही. संगीत गर्दीच्या पाठोपाठ हळूहळू न्यायचं, एका वेळी एखाद-दुसरा डेसिबल, आणि बोलण्याच्या तासांत ते गर्दीच्या आवाजाखालीच ठेवायचं. भरलेल्या बारमध्ये गाण्याचे शब्द नीट कळले नाहीत तरी चालतं. ठेका जाणवला म्हणजे पुरे.

आकड्यांत सांगायचं तर माझा अंदाज असा. रात्र उघडताना ६० ते ६५ डेसिबल. टेबलं भरून गप्पा रंगल्या की ७० ते ७५. ७५ च्या वर चार-सहा जणांचं एकत्र बोलणं तुटायला लागतं, ८५ ला ते जवळपास संपतं. नाचाच्या फ्लोअरवर ९० ते ९५ पुरेसे होतात, पण फक्त फ्लोअरवर. मोजायला फोनवरचं अ‍ॅप चालतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेचं आयफोनसाठी मोफत अ‍ॅप आहे आणि ते कामाचं आहे. मोजताना एका जागी उभं राहून भागत नाही: दार, काउंटर, मधलं टेबल, लांबचा कोपरा, फ्लोअर, सगळीकडे मोजा.

हळू आवाजात गाणं पोकळ वाटतं, म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो. त्याचं कारण वेगळं आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाज कमी असताना कानाला खालच्या पट्टीतले सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. तेव्हा बटण वाढवण्याऐवजी बास थोडा वाढवा. त्याच वेळी १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करून बघा. बोलण्यातली व्यंजनं मुख्यतः या पट्ट्यात कळतात, त्यामुळे तिथे गाण्याने जरा जागा सोडली की तेवढ्याच आवाजात गप्पा सोप्या होतात. इक्वलायझरच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, दोन खुंट्यांचं हे काम आहे. पैसे लागत नाहीत, पण फार कमी जण करतात.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे गाण्यागाण्यांमधला आवाजाचा फरक. जुनी रेकॉर्डिंग बरेचदा हळू असतात, नवी ठासून भरलेली. एकामागोमाग एक लावली की टेबलं दचकतात. वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज सारखा करण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

जोरात वाजवलं की जास्त खपतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याला थोडाफार आधारही आहे. निकोला गेगां यांनी फ्रान्समधल्या दोन बारमध्ये ४० पुरुषांचं निरीक्षण केलं. २००८ मध्ये छापलेल्या त्या निबंधात ७२ ऐवजी ८८ डेसिबलला बिअर संपवायला लागणारा सरासरी वेळ साडेचौदा मिनिटांवरून साडेअकरावर आला, आणि ग्लासांची सरासरी २.६ वरून ३.४ वर गेली. मात्र नमुना लहान होता, आणि याच संशोधकाच्या इतर काही निबंधांवर पुढे गंभीर प्रश्न उभे राहिले, काही मागेही घेतले गेले. तेव्हा हा आकडा भिंतीवर लावून ठेवण्यासारखा नाही. आणि निष्कर्ष खरा धरला तरी त्याची दुसरी बाजू अशी, की घाईघाईने पिणाऱ्यांनी भरलेली खोली सांभाळायला जड जाते. दारावरच्या माणसाला विचारा.

बारटेंडर तिथे आठ तास उभा असतो, हेही विसरायचं नाही. नायॉशच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असा मापदंड दिला, त्यात इअरप्लग ठेवणं आणि शांत कोपरा देणंही आहे. काउंटरकडे तोंड असलेला स्पीकर आधी फिरवा. ऑर्डर तीनदा ओरडून सांगावी लागते तिथे रांगही हळू सरकते.

शेवटचं, कान थकतो. दोन तास कन्सोलमागे उभ्या असलेल्या डीजेला आवाज खरोखर कमी वाटत असतो. तो खोटं बोलत नसतो. त्यामुळे त्याच्या कानावर विसंबायचं नाही. मिक्सरवर रंगीत टेप लावून कमाल खूण करा, किंवा सरळ लिमिटर (आवाज ठरल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र) बसवा आणि त्याची किल्ली व्यवस्थापकाकडे ठेवा. याला डीजे नाक मुरडतील. मुरडू द्या.

पायरी ३: लय

रोनाल्ड मिलिमन यांचा १९८६ चा रेस्टॉरंटमधला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. संथ संगीत असताना मंडळी सरासरी ५६ मिनिटं बसली, जलद असताना ४५. जेवणाच्या बिलात फारसा फरक नव्हता, पण पेयांचं बिल संथ संगीताच्या वेळी सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आलं. त्यांचं "संथ" म्हणजे मिनिटाला ७२ ठोक्यांपर्यंत, "जलद" म्हणजे ९२ च्या पुढे.

उलट दिशेलाही पुरावा आहे. मॅकएलरी आणि स्टँडिंग यांनी १९९२ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं, की जलद संगीतात माणसं पेय लवकर संपवतात. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, बाख आणि शेफर यांनी कंट्री संगीत वाजणाऱ्या बारमध्ये बरोबर याच्या विरुद्ध पाहिलं: गाणं संथ झालं की घोट जास्त. गोंधळात पडायचं कारण नाही. दुःखी, संथ गाण्यांच्या बारमध्ये माणूस पिण्यासाठीच बसलेला असतो. पेयाचा डबा हातात घेऊन प्रयोगशाळेत बसलेला विद्यार्थी वेगळा. लय एकटी काही करत नाही, ती कुणासमोर आणि कशासाठी वाजते त्यावर सगळं आहे.

व्यवहारात मला उपयोगी पडलेली वाटणी अशी: जलद लय ग्लास रिकामा करते, संथ लय खुर्ची भरलेली ठेवते. बाहेर रांग असेल आणि टेबलं फिरायला हवी असतील तर लय वाढवा, आवाज नको. आत तुरळक माणसं असतील तर लय उतरवा, म्हणजे आहेत ती तरी बसतील. अर्ध्या रिकाम्या खोलीत १२६ ठोक्यांचं नाचाचं गाणं लावणं ही सर्वत्र दिसणारी चूक. चार टेबलांवरच्या आठ माणसांना त्यातून एवढंच ऐकू येतं, की इथे पार्टी असायला हवी होती आणि ती नाहीये.

बैठकीच्या वेळी मिनिटाला ७० ते ९० ठोके, गप्पा रंगल्या की ९० ते ११०, पाय हलायला लागले की ११० ते ११८, नाचाला ११८ ते १२८, असा चढ साधारण चालतो. पण ठोके मोजून थांबू नका. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तालात मध्यम गुंतागुंत असेल तेव्हा माणसाला हलावंसं सगळ्यात जास्त वाटतं. अगदी सरळसोट ठेका कंटाळवाणा होतो, फार तुटक ठेक्यात पाय कुठे टाकायचा ते सुचत नाही. १०५ चं झुलणारं गाणं १२५ च्या सपाट गाण्यापेक्षा लवकर उठवतं ते यामुळे.

पायरी ४: कुठली गाणी

गाण्यांची निवड दारातच सांगून टाकते, की ही जागा कुणाची. नॉर्थ, हारग्रीव्हज आणि मॅकेंड्रिक यांनी १९९७ मध्ये दुकानात वाइनच्या फळीजवळ आलटून पालटून फ्रेंच आणि जर्मन संगीत लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच वाइन जर्मनच्या पाचपट विकली गेली. जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन वाइन दुप्पट. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना संगीताचा आपल्यावर परिणाम झाला असं वाटलंच नाही. त्याआधी, १९९३ मध्ये, अरेनी आणि किम यांच्या प्रयोगात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत असताना लोकांनी जास्त बाटल्या नाही घेतल्या, महागड्या घेतल्या. तुमचं संगीत, पेयं, उजेड आणि खुर्च्या एकाच घरातली वाटली पाहिजेत, एवढा धडा पुरे.

ओळखीची गाणी आणि अनोळखी गाणी यांचं काम वेगळं. ओळखीचं गाणं तोंडावर येतं, आणि दोन टेबलं एकच ओळ म्हणू लागली की त्यांच्यातली भिंत पडते. अनोळखी गाणं मागे राहून गप्पांना जागा देतं. म्हणून बोलण्याच्या तासांत साधारण चार अनोळखी गाण्यांमागे एखादं ओळखीचं पुरतं. मिसळण्याच्या तासात प्रमाण उलटं करायचं. गप्पांच्या वेळी शब्दप्रधान गाणी जपून लावा. समजणाऱ्या भाषेतले शब्द कान आपोआप पकडतो आणि समोरच्याचं वाक्य निसटतं. वाद्यसंगीत किंवा गिऱ्हाइकांना न समजणाऱ्या भाषेतली गाणी इथे फार कामाची.

शब्दांचा आणखी एक हिशेब आहे. बायकांना हिणवणारी, मारामारीची शेखी मिरवणारी गाणी लागोपाठ वाजली की कोण आधी निघून जातं ते बघा. बहुतेकदा बायकांची टेबलं आधी रिकामी होतात, मागे राहतात ती एकमेकांना खुन्नस देणारी टोळकी. यादी बनवताना प्रत्येक गाण्याचे शब्द एकदा तरी नीट ऐकून घ्या, निदान ओरडून म्हटलं जाणारं कडवं तरी.

पायरी ५: रात्रीचा चढउतार

मझॅक ही पार्श्वसंगीत पुरवणारी अमेरिकन कंपनी एकेकाळी पंधरा मिनिटांचे गट बनवायची: गटातलं प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा जरा उत्साही, मग शांतता. कारखान्यातल्या कामगारांसाठी होतं ते, पण युक्ती बारलाही लागू पडते. सतत चढत जाणारी रात्र दमवते. तीन-चार गाण्यांत थोडं वर जा, एक गाणं खाली या, मग आधीच्यापेक्षा किंचित वर. खाली येण्याच्या त्या गाण्यात लोक काउंटरकडे जातात, अनोळखी माणसाशी बोलतात, स्वच्छतागृहात जाऊन येतात. ती जागा ठेवली नाही तर फ्लोअर एकदम रिकामं होतं आणि पुन्हा भरायला अर्धा तास जातो.

फ्लोअर भरण्याचा क्षण नाजूक असतो. पहिले दोघे-तिघे उठतात तेव्हा ते नाचत नसतात, नाचाची चाचपणी करत असतात. या वेळी त्यांच्यावर प्रखर दिवा टाकायचा नाही, माइकवरून "चला, चला" करायचं नाही, आणि हुकमाचं गाणं अजिबात वापरायचं नाही. ज्या गाण्यावर ते उठले त्याच्याच जातीचं, तेवढ्याच लयीचं दुसरं गाणं द्या, मग तिसरं. कडेला उभी माणसं मान हलवायला लागली, एखाद्याने ग्लास खाली ठेवला, की मगच सगळ्यांना पाठ असलेलं गाणं काढा. ते आधी काढलं तर दोघेच नाचतात आणि पुढे पत्ता उरत नाही.

एकत्र एका तालावर हलल्याने माणसं जवळ येतात, हे ब्रॉनविन टार, जॅक लॉने आणि रॉबिन डन्बार यांनी हेडफोन घालून नाचवलेल्या गटांवर तपासलं होतं. २०१६ च्या त्या निबंधात एकाच तालात नाचलेल्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. खोल बासचंही तसंच: २०२२ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात, कानाला न कळणारे अतिखोल सूर चालू असताना प्रेक्षक सुमारे १२ टक्के जास्त हलले. म्हणजे फ्लोअरवर चांगला सबवूफर असेल तर एकूण आवाज कानठळ्या बसेपर्यंत न्यावा लागत नाही. फक्त हाच बास भिंतीतून शेजाऱ्यांकडेही सगळ्यात आधी पोहोचतो. रात्री बाहेर जाऊन, शेजाऱ्याच्या खिडकीच्या बाजूला उभं राहून ऐका.

न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून "द लॉफ्ट" या पार्ट्या करणारे डेव्हिड मँक्युसो पुढे गाणी एकमेकांत मिसळायचे नाहीत, प्रत्येक रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचे. लोक तरीही नाचायचे. मिक्सिंग जमत नाही म्हणून हात आखडणाऱ्या छोट्या बारवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी ६: बटण कुणाच्या हातात

एका पाळीला एकच माणूस. बारटेंडरचा फोन, व्यवस्थापकाचा फोन, मालकाच्या मित्राचा फोन, असं फिरत राहिलं की वरच्या पाच पायऱ्या वाया. फर्माईश घ्यायची, नाही म्हणायचं नाही, पण वेळही द्यायची नाही: "बघतो, जमलं तर लावतो." गाणं त्या तासाच्या क्रियेत बसत असेल तर लावा, गिऱ्हाईक खूश होतं. बसत नसेल तर पुढच्या तासात लावा. वाढदिवसाचं गाणं अपवाद, ते लावून मोकळं व्हा.

परवान्याचंही याच माणसाकडे असू द्या. सार्वजनिक ठिकाणी संगीत वाजवायला बहुतेक देशांत हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो, आणि स्पॉटिफायसारख्या सेवांचं वैयक्तिक खातं धंद्यासाठी वापरायची मुभा त्यांच्या अटींतच नाही.

पायरी ७: निघण्याचा तास

गाणं एकदम तोडून सगळे दिवे लावणं हा भांडणं लावायचा हमखास मार्ग. शेवटच्या चाळीस मिनिटांत आधी बास उतरवा, मग लय, मग आवाज, आणि उजेड थोडा थोडा वाढवा. शेवटची दोन गाणी ओळखीची, संथ, तोंडाने म्हणता येतील अशी. आवाज ६५ च्या आसपास आला की लोकांना आपोआप एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, गाडी कुणी बोलवायची ते ठरतं, आणि दारात हुज्जत घालणारे कमी उरतात.

आणि एक वही

रोज बंद करताना पाच ओळी: कुठल्या तासाला किती डेसिबल, कुठलं टेबल आधी उठलं, फ्लोअर कधी भरलं, कुठल्या गाण्यावर रिकामं झालं, काउंटरवर रांग कधी लागली. बदल करायचा तो एका वेळी एकच. या आठवड्यात फक्त आवाज, पुढच्या आठवड्यात फक्त लय. आणि तुलना नेहमी त्याच वाराशी: मंगळवार मंगळवारशी, शनिवार शनिवारशी. पावसाची, मोठ्या सामन्याची किंवा सुट्टीची रात्र असेल तर तसं बाजूला लिहा आणि ती रात्र हिशेबातून वगळा.